प्राणी म्हणजे श्वास घेणारा : पाळीव जनावरांच्या श्वसनाचा आणि त्याच्या शोधाचा इतिहास



जन्मभर मराठी शिकविलेल्या माणसाने स्मृतिव्याख्यानासाठी जनावरांच्या फुप्फुसांचा विषय निवडावा, याचे आपल्यापैकी अनेकांना नवल वाटले असेल. परंतु या विषयाशी माझी गाठ घालून दिली ती एका शब्दाने. तो शब्द म्हणजे 'प्राणी'. संस्कृतात 'अन्' हा धातू श्वास घेणे या अर्थाचा आहे. त्याला 'प्र' हा उपसर्ग लागून 'प्राण' झाला, आणि प्राण ज्याला आहे तो प्राणी. अपान, व्यान, उदान आणि समान हे उरलेले चार वायूही त्याच धातूची भावंडे. इकडे लॅटिनमध्ये 'अॅनिमा' म्हणजे श्वास, आणि त्यावरून 'अॅनिमल' हा शब्द आला. संस्कृत 'अन्' आणि लॅटिन 'अॅनिमा' यांचे मूळ एकच आहे, असे तौलनिक भाषाशास्त्र सांगते. चालणारा, खाणारा, ओरडणारा अशी कितीतरी नावे सजीवाला देता आली असती. आपल्या पूर्वजांनी मात्र त्याला 'श्वास घेणारा' म्हटले.

शब्दाने जे सहज सांगून टाकले ते शास्त्राला उलगडण्यास दोन हजार वर्षे लागली. आणि हे उलगडणे बव्हंशी झाले ते माणसाची छाती पाहून नव्हे, तर गोठ्यातील, पागेतील आणि अंगणातील जनावरांच्या छातीत डोकावून. डुक्कर, कुत्रा, घोडा, बैल आणि मेंढी यांनी माणसाला त्याचा स्वतःचा श्वास समजावून दिला. हे ऋण किती मोठे आहे आणि ते कोणत्या किमतीने झाले, एवढेच आज मला सांगावयाचे आहे.

वाट एक, घाट निराळे

प्रथम श्वासाची वाट पाहू. सर्व पाळीव सस्तन जनावरांत ती ढोबळमानाने एकच आहे. नाकपुडीतून आत शिरलेली हवा नाकातील पातळ हाडांच्या वळ्यांवरून जाते. या वळ्या कागदाच्या सुरळीसारख्या गुंडाळलेल्या असून त्यांवर रक्ताने भरलेले ओलसर अस्तर असते. तेथे हवा ऊबदार होते, ओली होते आणि तिच्यातील धूळ गाळली जाते. पुढे घशात अन्नाची आणि हवेची वाट एकमेकींना छेदते. या चौकात स्वरयंत्र पहारेकऱ्यासारखे बसलेले असते. घास गिळताना ते मिटते, श्वास घेताना उघडते. त्याखालच्या श्वासनलिकेला कूर्चेच्या अपुऱ्या कड्या असतात, म्हणून ती मिटून जात नाही. छातीत शिरल्यावर तिला फाटे फुटतात, फाट्यांना पुन्हा फाटे, आणि शेवटी येतात ते सूक्ष्म वायुकोश. वायुकोशाच्या भिंतीला लगटून केशवाहिन्यांचे जाळे असते. या अतितलम पडद्यातून प्राणवायू रक्तात जातो आणि रक्तातील कार्बन डायऑक्साइड बाहेर येतो.

फुप्फुस स्वतः हवा ओढून घेत नाही, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. बरगड्यांमधील स्नायू आणि छाती व पोट यांच्यामधले श्वासपटल छातीची पोकळी मोठी करतात, फुप्फुस तिच्याबरोबर ताणले जाते आणि हवा आत येते. लोहाराच्या भात्याचे कातडे जसे आपण होऊन हलत नाही, हात ओढतो तेव्हा हलते, तसेच हे.

वाट एक असली तरी प्रत्येक जनावराचा घाट मात्र निराळा. घोड्याचे फुप्फुस जवळजवळ अखंड असते, त्यात खोल चिरा नसतात. गाईबैलांचे फुप्फुस खंडांत आणि उपखंडांत स्पष्ट विभागलेले असून उपखंडांमध्ये जाड पडदे असतात; शिवाय शरीराच्या मानाने ते लहान असते. गाय, मेंढी, शेळी आणि डुक्कर यांच्या श्वासनलिकेला दोन मुख्य फाटे फुटण्याच्या आधीच उजवीकडे एक स्वतंत्र फाटा फुटतो. माणसात आणि घोड्यात तो नसतो. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. म्हणून उन्हात तो जीभ बाहेर काढून मिनिटाला तीनशेच्या घरात उथळ धापा टाकतो आणि ओल्या नाकातोंडावरून वाऱ्यासारखी हवा फिरवून आपले रक्त थंड करतो. श्वास हेच त्याचे घाम गाळणे होय.

म्हण आणि घोडा

'नाक दाबले की तोंड उघडते' ही म्हण आपण सारेच वापरतो. माणसाच्या बाबतीत ती खरी आहे, बैलाच्या बाबतीतही खरी आहे. घोड्याच्या बाबतीत मात्र ती खोटी ठरते. घोड्याची मऊ टाळू लांब असून ती स्वरयंत्रावरच्या झाकणाच्या खाली घट्ट बसते, त्यामुळे तोंड आणि श्वासाची वाट यांच्यात जणू दार लागते. घोडा फक्त नाकाने श्वास घेतो. भर दौडीतही तो तोंडाने धापा टाकीत नाही; त्याऐवजी त्याच्या नाकपुड्या तुतारीच्या तोंडासारख्या रुंदावतात. चित्रकार आणि शिल्पकार धावत्या घोड्याच्या नाकपुड्या फुगलेल्या दाखवितात ती केवळ शोभा नव्हे, ते शरीरशास्त्र आहे.

उभ्या घोड्याचा श्वास मिनिटाला आठ ते सोळा वेळा चालतो. चौखूर उधळल्यावर तोच सव्वाशेच्या पुढे जातो, आणि प्रत्येक श्वास एकेका झेपेशी बांधलेला असतो. मागचे पाय पुढे येताना श्वास आत, पुढचे पाय जमिनीवर टेकताना बाहेर. 

जुने वैद्य आणि डुकराचा आवाज

आपल्याकडे अश्ववैद्यकाची परंपरा जुनी आहे. शालिहोत्राचे नाव तर इतके रूढ झाले की घोड्यांच्या वैद्यकालाच लोक 'शालिहोत्र' म्हणू लागले. नकुलाच्या नावावर मोडणारे 'अश्वचिकित्सित', जयदत्ताचे 'अश्ववैद्यक', पालकाप्याचा 'हस्त्यायुर्वेद' हे ग्रंथ उपलब्ध आहेत. यांतला शेवटचा पुण्याच्या आनंदाश्रमाने १८९४ साली छापला. या ग्रंथांचा भर बाहेरून दिसणाऱ्या लक्षणांवर आणि उपचारांवर आहे. छातीच्या आत नेमके काय चालते हा त्यांचा प्रश्न नव्हता. सुश्रुताने हृदयाच्या खाली डावीकडे प्लीहा आणि फुप्फुस, उजवीकडे यकृत आणि क्लोम अशी मांडणी केली आहे, आणि क्लोम म्हणजे नेमके कोणते इंद्रिय यावर पंडितांचा वाद अजून चालू आहे.

छातीच्या आत पाहण्याचा हट्ट धरला तो दुसऱ्या शतकात रोममध्ये राहिलेल्या गेलेन या ग्रीक वैद्याने. माणसाचे शव उघडण्याची तेव्हा तेथे सोय नव्हती. म्हणून त्याने माकडे, बकरे, बैल आणि डुकरे उघडली. त्याचा एक प्रयोग विख्यात आहे. ओरडणाऱ्या डुकराच्या मानेतील एक बारीक मज्जातंतू त्याने भर सभेत कापला, आणि डुक्कर जिवंत असूनही एकदम मुके झाले. आवाज हृदयातून निघतो असे मानणाऱ्या विद्वानांना हा धक्का होता. पाठीचा कणा वेगवेगळ्या उंचीवर छेदून श्वास कोठे थांबतो आणि कोठे चालू राहतो, हेही त्याने पाहिले. तोच मज्जातंतू मोठ्या घोड्यांत डाव्या बाजूला पुष्कळदा निकामी होतो आणि घोडा दौडताना घशातून घरघर किंवा शिट्टीसारखा आवाज काढतो. आजच्या पशुवैद्याला तो आवाज चांगला ओळखता येतो.

परंतु गेलेनच्या हातून एक मोठी चूक झाली. जनावरात जे दिसले ते त्याने जसेच्या तसे माणसावर लादले. बैलामेंढ्यांच्या मेंदूच्या तळाशी असलेले रक्तवाहिन्यांचे अद्भुत जाळे माणसातही असते, असे त्याने लिहून ठेवले. ते माणसात नसते. हृदयाच्या मधल्या पडद्याला अदृश्य छिद्रे असून त्यांतून रक्त एका बाजूकडून दुसरीकडे झिरपते, असेही त्याने सांगितले. तशी छिद्रे कोणातच नाहीत. तरीही ही मते सुमारे तेराशे वर्षे प्रमाण मानली गेली. साम्याने शिकविले आणि भेद विसरल्याने फसविले, असा हा या इतिहासाचा पहिला धडा आहे.

कैरो आणि पाडुआ

या छिद्रांना पहिला नकार दिला तो कैरोमध्ये काम करणाऱ्या इब्न अल्-नफीस या हकिमाने. १२४२ च्या सुमारास लिहिलेल्या आपल्या भाष्यात त्याने स्पष्ट म्हटले की हृदयाचा मधला पडदा भरीव आहे; रक्त उजवीकडून फुप्फुसात जाते, तेथे हवेशी मिसळते आणि मग डावीकडे येते. विच्छेदनापासून आपल्याला धर्मशास्त्राने आणि अंतःकरणातील दयेने रोखले, असेही त्याने लिहिले आहे. युरोपला त्याचा विसर पडला होता. १९२४ मध्ये बर्लिनच्या ग्रंथालयातील हस्तलिखितात एका तरुण इजिप्शियन डॉक्टरला ही गोष्ट पुन्हा सापडली. इब्न अल्-नफीसचे उदाहरण मी मुद्दाम सांगतो. ज्याने सुरी हाती घेतली नाही त्यालाही विचाराने पुष्कळ दूर जाता आले, हे आपण लक्षात ठेवले पाहिजे.

युरोपात हा मार्ग सुरीनेच उघडला. इटलीतील पाडुआ येथे शिकविणाऱ्या व्हेसॅलियसने १५४३ साली आपला शरीररचनेवरील महाग्रंथ प्रसिद्ध केला. त्याच्या अखेरच्या प्रकरणात एका डुकरिणीचा प्रयोग आहे. छाती उघडली की फुप्फुस आकसते आणि जनावर मरणपंथाला लागते. व्हेसॅलियसने तिच्या श्वासनलिकेत बोरूची नळी बसवून तीत फुंकर घातली. फुप्फुस फुगले आणि मंदावलेले हृदय पुन्हा ठोके देऊ लागले. आज रुग्णालयातील अतिदक्षता विभागात जे कृत्रिम श्वासाचे यंत्र आपण पाहतो, त्याचे बीज या फुंकरीत आहे. पुढे त्याच विद्यापीठात त्याची जागा घेतलेल्या कोलंबोने कुत्र्यांवर प्रयोग केले आणि फुप्फुसातून हृदयाकडे येणाऱ्या शिरेत हवा नसून रक्त असते, हे १५५९ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात मांडले. १६२८ मध्ये हार्वेने रक्ताभिसरणाचे चित्र पूर्ण केले, आणि १६६१ मध्ये मालपिघीने बेडकाच्या फुप्फुसात सूक्ष्मदर्शकातून केशवाहिन्या प्रत्यक्ष पाहिल्या.

लंडनचा कुत्रा

आता मी या इतिहासातील सर्वांत अवघड प्रसंगाकडे येतो. श्वास घेणे म्हणजे फुप्फुसाची हालचाल, की फुप्फुसातील ताजी हवा? हा प्रश्न सतराव्या शतकात अनिर्णित होता. हालचालीमुळेच रक्त पुढे ढकलले जाते, असे पुष्कळांना वाटे. १६६४ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीच्या रॉबर्ट हूकने एका कुत्र्याची छाती उघडून, भात्याने हवा देत, त्याला तासाहून अधिक काळ जिवंत ठेवले. भूल नावाची गोष्ट तेव्हा अस्तित्वातच नव्हती. या प्रयोगानंतर हूकने रॉबर्ट बॉयलला जे पत्र लिहिले त्यात त्याने कळविले की त्या जिवाला झालेल्या यातना पाहता असा प्रयोग पुन्हा करण्यास आपण सहजी तयार होणार नाही. जनावराला गुंगी देण्याचा काही उपाय सापडला तर फार बरे होईल, हेही त्याच्या मनात आले होते.

पण प्रश्न सुटला नव्हता. १६६७ च्या ऑक्टोबरात रिचर्ड लोअरच्या साहाय्याने हूकने तो प्रयोग पुन्हा केला, आणि या वेळी त्यात एक विलक्षण बदल केला. फुप्फुसाला बारीक भोके पाडून दोन भात्यांनी हवेचा अखंड झोत सोडला, त्यामुळे फुप्फुस फुगलेले पण निश्चल राहिले. कुत्रा तसाच जिवंत होता, त्याचे हृदय चालू होते. झोत थांबताच तो तडफडू लागे. उत्तर मिळाले : हालचाल गौण, ताजी हवा मुख्य. त्याच महिन्यात असा एक प्रयोग पाहिलेल्या जॉन एव्हलिनने आपल्या रोजनिशीत लिहून ठेवले की त्यातली क्रूरता आपल्याला रुचली नाही.

श्रोतेहो, या प्रसंगावर झटकन निवाडा देणे सोपे आहे, आणि म्हणूनच मी तो देणार नाही. हूक निर्दय नव्हता; निर्दय माणसाला असे पत्र लिहिण्याची गरज पडत नाही. त्याला यातना दिसत होत्या, आणि तरीही तीन वर्षांनी जिज्ञासा जिंकली. ज्ञानाच्या इतिहासात आपण नेहमी जिज्ञासेचा गौरव करतो. त्या पत्रातील संकोचाचाही गौरव केला पाहिजे, कारण पुढे जे बदलले ते त्या संकोचाच्या वारसांनी बदलले. १८४६ मध्ये बॉस्टनला ईथरच्या भुलीचे जाहीर प्रात्यक्षिक झाले. १८७६ मध्ये ब्रिटनने प्राण्यांवरील प्रयोगांसाठी कायदा केला. आपल्या देशात १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने अशा प्रयोगांवर देखरेख ठेवणाऱ्या समितीची तरतूद केली. त्या लंडनच्या कुत्र्याला याचा काहीच उपयोग नव्हता, हे मात्र विसरता कामा नये.

आग आणि श्वास

१६६९ मध्ये लोअरने दाखविले की काळपट रक्त तांबडेलाल होते ते हृदयात नव्हे, फुप्फुसात, आणि तेही हवेच्या संपर्काने. हवेत असे काय आहे, याचे उत्तर मिळण्यास आणखी शतक लागले. ते उत्तर एका लहानशा पाळीव प्राण्याने दिले. १७८२-८३ च्या हिवाळ्यात पॅरिसमध्ये लाव्हाझिए आणि लाप्लास यांनी एका गिनिपिगला बर्फाने वेढलेल्या पात्रात ठेवले. त्याच्या अंगाच्या उष्णतेने किती बर्फ वितळला आणि त्याच्या उच्छ्वासातून किती कार्बन डायऑक्साइड बाहेर पडला, याची तुलना त्यांनी जळत्या कोळशाशी केली. दोन्हींचा हिशेब बराचसा जुळला. श्वास म्हणजे संथ ज्वलन होय, असा निष्कर्ष त्यांनी काढला. चुलीतील विस्तव आणि प्राण्याच्या देहातील ऊब एकाच नियमाने चालतात, हे माणसाला पहिल्यांदा कळले. लाव्हाझिएला ८ मे १७९४ रोजी राज्यक्रांतीच्या धुमाळीत गिलोटिनवर चढविण्यात आले. हे ज्वलन फुप्फुसात होत नसून शरीरभर पेशींमध्ये होते, हा त्याच्या मतातील दोष पुढच्या पिढ्यांनी दुरुस्त केला.

ऊर फुटणे

'घोडा ऊर फुटून पडला' हा शब्दप्रयोग आपण जुन्या कथाकहाण्यांतून लहानपणापासून ऐकत आलो. इंदुरात बसून तो ऐकताना होळकरांच्या फौजा डोळ्यांपुढे येतात. १८०४ च्या नोव्हेंबरात यशवंतराव होळकरांचा पाठलाग करणाऱ्या लेकच्या घोडदळाने अखेरच्या चोवीस तासांत सुमारे सत्तर मैलांची मजल मारून १७ तारखेला फर्रुखाबादेजवळ त्यांना गाठले. इतिहासकार त्यात सेनापतींचे डावपेच पाहतात. मला त्यात दोन्ही बाजूंच्या हजारो घोड्यांचा श्वास ऐकू येतो. त्या काळचे युद्ध कोठवर जाईल हे अखेर घोड्याच्या छातीने ठरविले होते.

या छातीचे मोजमाप पहिल्यांदा नीट घेतले ते जर्मनीत. त्सुंट्स आणि हागेमान यांनी घोड्याला चालत्या पट्ट्यावर चालवून, विसाव्यात आणि कामात तो किती प्राणवायू वापरतो याचा अभ्यास १८९८ साली प्रसिद्ध केला. 'ऊर फुटणे' या शब्दाला शास्त्रीय आधार मिळाला तो विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. शर्यतीनंतर घोड्याच्या श्वासनलिकेत दुर्बीण घालून पाहता पुष्कळ घोड्यांत रक्ताचे अंश आढळले. भर दौडीत फुप्फुसातील रक्ताचा दाब इतका चढतो की वायुकोशांभोवतीच्या तलम केशवाहिन्या खरोखरच फुटतात. बहुतेक घोडे त्यातून सावरतात, क्वचित एखादा दगावतो. ज्या मोतद्दारांनी आणि शिलेदारांनी हा शब्द घडविला त्यांच्याजवळ दुर्बीण नव्हती. पण त्यांनी पडलेल्या घोड्याच्या नाकातले रक्त पाहिले होते.

गोठ्यातला दाह

बैलाच्या छातीनेही इतिहास घडविला आहे. गाईबैलांच्या फुप्फुसांतील जाड पडद्यांचा उल्लेख मी आधी केला. सांसर्गिक फुप्फुसदाह नावाच्या रोगात हे पडदे सुजतात, पाण्याने भरतात आणि कापलेले फुप्फुस संगमरवरासारखे दिसू लागते. एकोणिसाव्या शतकात गुरांच्या व्यापाराबरोबर हा रोग समुद्र ओलांडून पसरला. १८४३ मध्ये तो अमेरिकेत, १८५३-५४ च्या सुमारास दक्षिण आफ्रिकेत आणि १८५८ मध्ये ऑस्ट्रेलियात पोहोचला. दक्षिण आफ्रिकेतील खोसा लोकांची गुरे या रोगाने मरत असतानाच, उरलेली गुरे स्वतः मारून टाकली तर पूर्वज उठून येतील आणि नवे गोधन देतील, अशी भविष्यवाणी झाली. १८५६-५७ मध्ये त्यांनी सुमारे चार लाख गुरे मारली, आणि पाठोपाठ आलेल्या उपासमारीत अदमासे ४०,००० माणसे मेली. जनावराचा श्वास कोंडला की माणसाचाही कोंडतो, याचे याहून भयंकर उदाहरण मला ठाऊक नाही.

बेल्जियमच्या विलेम्स या डॉक्टरने १८५२ साली रोगट फुप्फुसातील द्रव निरोगी गुराच्या शेपटीच्या टोकाला टोचून संरक्षण देता येते, असे दाखविले. १८९८ मध्ये नोकार आणि रू यांनी रोगाचा सूक्ष्म जीव वेगळा केला. आपल्याकडे याच काळात पशुवैद्यकाचे आधुनिक शिक्षण मूळ धरीत होते. मुंबईचे पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ चे. १८८९ मध्ये पुण्यात स्थापन झालेली जीवाणू प्रयोगशाळा १८९३ मध्ये हिमालयातील मुक्तेश्वरला हलविण्यात आली आणि तिच्यातूनच पुढे आजची राष्ट्रीय संशोधन संस्था वाढली. येथून हाकेच्या अंतरावरील महू, म्हणजे आजचे डॉ. आंबेडकर नगर, येथील पशुवैद्यकीय महाविद्यालय १९५५ चे. या सर्वांच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या कामाचे एक फळ असे की २००७ साली भारत सांसर्गिक फुप्फुसदाहापासून मुक्त असल्याचे जागतिक पशुआरोग्य संघटनेने मान्य केले. ही बातमी आपल्यापैकी कितीजणांनी वाचली असेल, मला शंका आहे. जे मरण टळते त्याची बातमी होत नाही.

कोकराचा श्वास आणि बाळाचा श्वास

शेवटी मी एका कोकराची गोष्ट सांगतो. अकाली जन्मलेले मूल पुष्कळदा पहिले काही श्वास घेते आणि मग दमून जाते. त्याचे वायुकोश प्रत्येक उच्छ्वासाबरोबर मिटून चिकटतात. १९५९ मध्ये एव्हरी आणि मीड यांनी याचे कारण शोधले. निरोगी वायुकोशाच्या आत साबणाच्या पाण्यासारखा एक तवंग असतो, जो त्याला मिटू देत नाही. अकाली जन्मलेल्या मुलांच्या फुप्फुसांत तो तयार झालेला नसतो. पण कारण कळले म्हणजे उपाय मिळाला असे नव्हे. ऑगस्ट १९६३ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांचा नवजात मुलगा याच व्याधीने दोन दिवसांत गेला. जगातील सर्वांत सामर्थ्यवान मानल्या जाणाऱ्या बापालाही त्याच्यासाठी श्वास विकत घेता आला नाही.

न्यूझीलंडमध्ये लिगिन्स हा डॉक्टर वेगळ्याच प्रश्नाच्या मागे होता. प्रसूतीच्या कळा कशा सुरू होतात, हे तो मेंढ्यांवर अभ्यासत होता. गर्भातील कोकरांना त्याने एक स्टिरॉइड दिले, आणि १९६९ मध्ये त्याने एक निरीक्षण नोंदविले : इतक्या अकाली जन्मलेले कोकरू जगावयास नको होते, पण ते श्वास घेत होते. औषधाने त्याची फुप्फुसे वेळेआधी पिकली होती. १९७२ मध्ये लिगिन्स आणि हॉवी यांनी २८२ मातांवरील चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. औषध न मिळालेल्या मातांच्या मुलांत श्वासाची ही व्याधी २५.८ टक्के होती, औषध मिळालेल्यांत ९ टक्के. आज जगभर अकाली प्रसूतीची लक्षणे दिसताच मातेला हे इंजेक्शन देतात.

१९८० मध्ये जपानच्या फुजिवारा यांनी दुसरा उपाय दाखविला. गाईबैलांच्या फुप्फुसांतून तो तवंग काढून, शुद्ध करून, त्यांनी दहा अकाली बाळांच्या श्वासनलिकेत सोडला, आणि त्यांचा श्वास सुधारला. तेव्हापासून गाईबैलांच्या आणि डुकरांच्या फुप्फुसांपासून बनविलेली अशी औषधे नवजात शिशूंच्या दक्षता विभागांत वापरली जात आहेत. आपल्या नात्यागोत्यात सातव्या-आठव्या महिन्यात जन्मून, काचेच्या पेटीत राहून, आज शाळेत धावणारे एखादे मूल असेल. त्याने घेतलेले पहिले श्वास कदाचित एखाद्या वासराने त्याला उसने दिले असतील.

ऋण

डुक्कर मुके झाले तेव्हा आवाज कळला. कुत्र्याच्या निश्चल फुप्फुसाने ताज्या हवेचे मोल सांगितले. गिनिपिगने श्वास आणि विस्तव यांचे नाते दाखविले, घोड्याने श्रमाची मर्यादा दाखविली, आणि कोकराने आपल्या बाळांना जगविले. यांपैकी एकानेही संमती दिली नव्हती. आपण ऋषिऋण, देवऋण, पितृऋण मानणारी माणसे आहोत. या मालिकेत प्राण्यांचे ऋण आणखी एक म्हणून लिहावे, अशी माझी सूचना आहे. ते फेडण्याचा मार्गही अवघड नाही. ज्या ज्ञानासाठी एक जीव गेला तेच ज्ञान पुन्हा जीव घेऊन मिळवू नये. जेथे जिवाशिवाय काम भागते तेथे जीव घेऊ नये. आणि जनावराला आपल्यामुळे जे कळू शकते ते, म्हणजे औषध, लस, मोकळी हवा आणि सावली, त्याला द्यावे.

उद्या सकाळी रस्त्यावर एखादा बैल गाडीखाली धापताना दिसला, तर क्षणभर थांबून त्याच्या बरगड्यांकडे पाहा. तेथे जे चालले आहे तेच आपल्या छातीत चालले आहे. भाषेने त्याला आणि आपल्याला एकच नाव दिले आहे. ते नाव आपण शाळेत पहिल्या इयत्तेत शिकलो. त्याचा अर्थ कळावयास मला सत्तरी ओलांडावी लागली.